मातीला न दिलेल्या बॅटऱ्या

नवरा, कुंडू, गेल्याचा निरोप आला तेव्हा नेलिमा संगणकाच्या वर्गात होती. उसाच्या ट्रॅक्टरची ट्रॉली वळणावर उलटली आणि तो नेमका ट्रॉलीच्या बाजूनं सायकलवर चालला होता. निरोप सांगायला आमच्या मुख्याध्यापिका नासांबू मॅडम स्वतः गेल्या. मी त्यांच्या मागे होते. मॅडमनी तिला दाराशी बोलावलं, तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं.

नेलिमा म्हणाली, "बरं."

मग ती वर्गात परत वळली. "मुलींनो, काम साठवा आणि मशिन बंद करा. नीट बंद करायचं, नुसतं बटण दाबून नाही." शेवटचा पडदा काळा होईपर्यंत ती रांगांमधून फिरत राहिली. एका मुलीचं काम साठवलं जात नव्हतं, तर तिच्या शेजारी वाकून तेही करून दिलं. मग कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि आमच्याबरोबर चालू लागली.

ही गोष्ट दुपारपर्यंत गावभर झाली. "आधी मशिनं झोपवली, मग नवऱ्याकडं गेली," असं बायका म्हणाल्या. मी तिच्या शेजारून चालत होते. तिचा चेहरा मी पाहिला होता. त्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. माझे यजमान गेले तेव्हा मीही दूध उतू जाईल म्हणून आधी गॅस बंद केला होता. पण हे कुणाला सांगायचं?

मी या शाळेत शिवण शिकवते. यजमान देश सोडून इथल्या साखर कारखान्यात आले, तेव्हापासून. इथं मला अनघाची आई म्हणतात आणि नेलिमाला नांजालाची आई. आमची दोघींची घरं एका कुंपणाला लागून आहेत. तिची नांजाला एल्डोरेटला शिकते, माझी अनघा तर लग्न होऊन किती लांब गेली.

नेलिमा मूळची गणिताची बाई. संगणकाशी तिचा संबंध आला तो स्वयंसेवकांमुळे. ऑगस्टच्या सुट्टीत ते आले होते. कुणी नैरोबीचे, दोघं-तिघं उन्हानं नाकं लाल झालेले परदेशी, आणि सगळ्यांची म्होरकी अकोथ, तळ्याकाठच्या किसुमूची. कुठल्या कुठल्या कचेऱ्यांनी वापरून टाकलेले संगणक हे लोक पुसून, तपासून आणायचे. छपरावर सूर्याच्या विजेचे पत्रे बसवायचे, भिंतीतून वायरी ओढायचे, एखाद्या शिक्षकाला तयार करायचे आणि पुढच्या शाळेकडे निघायचे. आमच्या शाळेत त्यांना हात द्यायला नेलिमा थांबली. सुट्टीभर शिडी धरली, भिंती पोखरल्या, धूळ खाल्ली. पुढच्या सुट्टीत ती त्यांच्याबरोबर दुसऱ्या शाळेत गेली, त्याच्या पुढच्या सुट्टीत तिसऱ्या. एक शिलिंग मिळायचा नाही. परत यायची तेव्हा हाताला वायरीचे चरे असायचे.

कुंडू तिला फाट्यापर्यंत सोडायला जायचा. अकोथ गाडीतूनच ओरडायची, "भावोजी, बायको नेतेय हं तुमची. परत आणीनच असं नाही!"

"न्या की. फक्त तुमच्या तळ्याकाठी ठेवू नका. तुम्ही लुओ लोक माशाशीसुद्धा इंग्रजीत बोलता."

"आणि तुम्ही बुकुसू? जेवायला बसलात की उठायचं विसरता!"

"म्हणून तर लवकर आणा. मला चुलीजवळ जायला लावू नका."

एवढंच. कुंडू फार बोलणारा माणूस नव्हता. सायकलला तिची पिशवी अडकवून आणायचा आणि रिकामी सायकल घेऊन जायचा.

आमच्या शाळेचं काम संपवून जाताना अकोथनं नेलिमाच्या हातात किल्ली दिली, आणि ती देताना मस्करी केली नाही. "ऐक. आमचे संगणक चोरांनी नाही मारले, पावसानं नाही मारले. मातीला दिलेल्या बॅटऱ्यांनी मारलेत. तू कुणाला देऊ नकोस."

हे समजायला आमच्या भागातली माती, म्हणजे दफनाचा दिवस, बघितलेली असावी लागते. माणूस गेलं की माती शनिवारी. गावची, परगावची, नात्याची, बिननात्याची माणसं येतात. भाषणं होतात, गाणी होतात, दुपार कलते. शाळा म्हणजे सगळ्या गावाचं भांडार. बाकं शाळेची, पातेली शाळेची, ताडपत्री शाळेची. मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नसतं. मातीला नाही म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आणि मातीला कर्णे लागतातच. कर्णा नसेल तर लोक म्हणतात, चोरलेल्या बकरीसारखं पुरलं.

बॅटऱ्यांचं असं होतं. वर्गाच्या भिंतीवर एक पेटी आहे. बॅटरी अर्ध्यावर उतरली की ती आपोआप वीज तोडते. त्याखाली उतरू दिली तर बॅटरी मरते, पुन्हा भरत नाही. मातीला नेतात त्या नुसत्या बॅटऱ्या. पेटी भिंतीवरच राहते. मग कर्णे वाजतात, वाजतात, आवाज घोगरा होत होत बंद पडतो, आणि सोमवारी शाळेत येतात ती शिशाची जड डबडी.

नेलिमानं पहिला नकार प्रार्थनाघराच्या एका वडीलधाऱ्याला दिला. त्यांच्या आईची माती होती. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि काठी उचलून निघून गेले. मग आणखी काहीजण आले. "बॅटरीवाली" हे नाव तेव्हाच पडलं. बाजारात भाजीवाल्या मुद्दाम मोठ्यानं विचारायच्या, "काय गं, तुझी बाळं भरली का आज उन्हात?" ती म्हणायची, "भरली," आणि टोमॅटो निवडत राहायची.

मग गेल्या वर्षी तिचे सासरेच गेले. कुंडूचा थोरला भाऊ मुरुंगा बॅटऱ्या मागायला आला. घरचाच माणूस, मागायचं कसलं, न्यायलाच आला होता. नेलिमानं नाही म्हटलं. मुरुंगानं कुंडूकडे बघितलं. कुंडू म्हणाला, "दादा, किल्ली तिच्याकडे आहे. माझ्याकडे नाही." वेबुयेहून भाड्यानं आणलेलं जनरेटर ऐन भाषणात बंद पडलं. त्या दिवसापासून मुरुंगा तिच्याशी बोलेना. समोर असली तरी कुंडूला सांगायचा, "तुझ्या बायकोला सांग, गाय सुटलीये."

आणि आता कुंडूच गेला.

अंगणात अवोकाडोच्या झाडाखाली मातीची समिती बसू लागली. शव बुंगोमाच्या शवागारात होतं. आम्ही बायका चहा करत होतो, मका निवडत होतो. नेलिमा आत चटईवर बसून होती. रडत नव्हती. आत्याबाई, म्हणजे कुंडूच्या वडिलांची बहीण, तिला अधूनमधून हलवायच्या. "रड गं बाई. आतलं आत कुजेल." नेलिमा त्यांच्याकडे बघायची, जशी खिडकीतून रस्त्याकडे बघावी.

इथं एक रीत आहे. नवरा गेलेल्या बाईनं काही घ्यायचं नसतं. चहा दिला तर नको म्हणायचं, खुर्ची दिली तर नको म्हणायचं, शाल पांघरली तर झटकायची. मग दुसऱ्या बायका हातात पेला कोंबतात, दामटून बसवतात. तिचा नकार तिचा धरत नाहीत. त्यात काही वाईट नाही, माणुसकीच आहे. नेलिमानंही तसं पुष्कळदा नको म्हटलं होतं आणि पुष्कळदा तिच्या हातात पेले कोंबले गेले होते. मीही कोंबले.

शुक्रवारी मुरुंगा आत आला. मागून नासांबू मॅडम. गावचा ट्रान्सफॉर्मर जळून बरेच दिवस झाले होते. त्या शनिवारी आसपास इतक्या मात्या होत्या की भाड्याचं जनरेटर वेबुयेपर्यंत कुठं शिल्लक नव्हतं. कर्णे होते, वीज नव्हती.

"नांजालाची आई," मुरुंगा म्हणाला. वर्षानंतर तो तिला थेट हाक मारत होता.

"दादा."

"माझ्या भावाला मुक्यानं पुरायचं का?"

नेलिमानं चटईची सुटलेली काडी आत खोचली.

"बॅटऱ्या दे."

"सोमवारी मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा आहे, दादा. बोर्डाची. वीज नाहीये. बॅटरीवरच होणार."

"परीक्षा पुढच्या वर्षी पण येते. कुंडू येतो का?"

"नको, दादा."

मॅडम खाली बसल्या. "नेलिमा, शाळेची मुख्याध्यापिका म्हणून मीच सांगते ना. ने. तुझा नवरा आहे. कुणी तुला बोलणार नाही."

"नको, मॅडम."

मुरुंगा उभाच होता. त्याचा आवाज चढला नाही, तेच जास्त वाईट होतं. "हे घर कुंडूचं. त्याच्याखालची जमीन आमच्या बापाची. तू आमच्यात राहणार आहेस की तुझ्या मशिनांत, ते उद्यापर्यंत ठरव."

तो गेला. आत्याबाई मॅडमना हळूच म्हणाल्या, "तिचं नको मनावर घेऊ नका. तिची जीभ आत्ता तिची नाही." मॅडमनी मान हलवली. मी तिथंच होते, ते ऐकलं, आणि मला वाटलं की बाई नुसतं सांत्वन करताहेत.

शनिवारी सकाळी कुंडूची शवपेटी अंगणात आणून ठेवली. नेलिमाला तिच्या डोक्याशी चटईवर बसवलं. नांजाला एका बाजूला, मी दुसऱ्या. अंगण भरलं, मग कुंपणाबाहेरचा रस्ता भरला. अकोथ किसुमूहून आली होती. लांबून नेलिमाला बघून तिनं तोंडावर हात धरला, पण पुढं यायला वाट नव्हती.

आणि कर्णा वाजला. "हॅलो, हॅलो. आवाज येतोय का मागं?"

"येतोय!" मागचे ओरडले.

नेलिमानं मान वर केली. "अनघाची आई, ही वीज कुठली?"

"काय माहीत. कुणाचं तरी जनरेटर असेल."

ती कान देऊन बसली. "जनरेटरचा आवाज नाही," म्हणाली.

मलाही मग ते कळलं. कर्ण्याशिवाय कसलीच घरघर नव्हती. वर्गाची दुसरी किल्ली मॅडमकडे असते. त्यांनी सकाळी हातगाडीवरून बॅटऱ्या पाठवल्या होत्या. त्यांच्या मते त्यांनी तिच्या हातात पेला कोंबला होता.

प्रार्थनाघराच्या बायका गायल्या. साखर कारखान्याचा माणूस बोलला, शाळेच्या वतीनं मॅडम बोलल्या. नेलिमा शवपेटीकडे बघत होती. "भिंतीवरची पेटी भिंतीवरच असेल," ती एकदा म्हणाली. मी तिचा हात धरला. तो गारही नव्हता, गरमही नव्हता. मी मनात देवाचं नाव घेत होते, पण कशासाठी घेत होते ते मला ठरवता येत नव्हतं.

मग मुरुंगा उठला. माईक तोंडाशी घेऊन तो भावाबद्दल बोलू लागला. चांगलं बोलत होता. लहानपणचं सांगत होता, मागच्या रस्त्यावरचेसुद्धा हसत होते.

नेलिमा उठली.

पेटीजवळून बायको उठत नाही. आत्याबाईंनी तिची शाल ओढली, मग वाटलं असेल की परसाकडे जायचंय, म्हणून सोडली. ती गर्दीतून सरळ टेबलाकडे गेली. बॅटऱ्या टेबलाखाली चादरीआड ठेवल्या होत्या. तिनं गुडघे टेकले, चादर वर केली आणि वायरींचे चिमटे काढले. आधी काळा, मग लाल. घाईनं नाही. वर्गात काढायची तसे.

मुरुंगाचं तोंड हलत होतं आणि आवाज नव्हता. त्याला कळायला जरा वेळ लागला. त्यानं खाली बघितलं.

"जोड," तो म्हणाला.

"तुम्ही बोला, दादा. मी ऐकतेय."

वायरींची गुंडाळी करून ती परत आली आणि पेटीच्या डोक्याशी बसली. गुंडाळी मांडीवर. आत्याबाईंच्या तोंडून "देवा" एवढंच निघालं. मुरुंगा ओरडून ओरडून बोलू लागला, पण त्याचा घसा चिरला आणि त्यानं मध्येच सोडून दिलं. मागच्यांना ऐकू येईना. ते मक्याच्या भावाचं बोलू लागले, काही जेवणाकडे सरकले. हे मी बघितलं ते सांगते, बरं-वाईट ठरवत नाही.

बायकोनं दोन शब्द बोलायचे असतात. नेलिमा उभी राहिली. "कुंडू माझ्यावर कधी ओरडला नाही. मीही त्याच्यावर नाही." आणि बसली. मागच्यांनी पुढच्यांना विचारलं, काय म्हणाली? पुढचे म्हणाले, काही नाही.

माती झाल्यावर मॅडम तिच्यापुढं रडल्या. "मला वाटलं, तू भिडेनं नको म्हणतेस. सगळ्याच म्हणतात गं."

"परत नेताना उभ्या ठेवा, मॅडम," नेलिमा म्हणाली. "आडव्या नको."

इथं मातीनंतर घरच्यांचे केस उतरवतात; तोवर तिला अंगणाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. म्हणून सोमवारी किल्ली घेऊन मी गेले. अकोथ थांबली होती. तिनं बॅटऱ्या मोजयंत्र लावून तपासल्या आणि गाल फुगवून श्वास सोडला. "अजून दोन भाषणं झाली असती ना, तर मेल्या होत्या."

"परीक्षा होईल?"

"सगळी मशिनं नाही चालायची. अर्धी चालवू. मुली दोन पाळ्यांत बसवा. आणि अनघाची आई, तो पंखा बंद करा. परीक्षकाला घाम आला तर येऊ दे. जाडजूड आहे, थोडा कमी होईल."

परीक्षक ऐकत होता. तो हसला आणि कोट काढून बसला. मुली बसल्या, उठल्या, दुसऱ्या बसल्या. ऊन कलायच्या आत सगळ्यांचं झालं.

मी येऊन सांगितलं तेव्हा नेलिमा सुपात चवळी निवडत होती.

"छापील कागद निघाले?"

"निघाले."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे."

"शाई पुरली?"

"पुरली गं."

तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. मला वाटलं आता तरी रडेल. तिनं पुढचा खडा शोधला.

दुसऱ्या दिवशी केस उतरवायचे होते. घरच्यांचे सगळ्यांचे उतरवले. नेलिमाचं डोकं लहान दिसायला लागलं, शाळकरी मुलीसारखं. मग सगळे गोल करून बसले. या दिवशी म्हातारे विचारतात की गेलेल्या माणसाकडं किंवा त्याच्या घराकडं कुणाचं काही येणं राहिलंय का. इथं सांगितलं नाही तर पुढं तोंड उघडायचं नाही. विचारणारे मकोखा आजोबा होते, भाऊबंदांतले सगळ्यात वडील. एकानं कुदळ मागितली, त्याला दिली. मग मुरुंगा उठला. त्याचा आवाज अजून बसलेलाच होता.

"माझं राहिलंय. माझ्या भावाच्या मातीत, चार लोकांसमोर, हिनं माझ्या तोंडातला शब्द काढून घेतला."

आजोबांनी विचारलं, "घेतलास का, मुली?"

"घेतला."

"का?"

"बॅटऱ्या मेल्या असत्या."

"आणि तो मेलेला पडला होता त्याचं काय?"

नेलिमा म्हणाली, "तो मेलेलाच होता, आजोबा."

म्हातारे उठून गोठ्याच्या आडोशाला गेले. नांजाला आईला चिकटून बसली होती. तिला कळत होतं, मलाही कळत होतं. उद्या हे घर यांचं राहतं की नाही ते तिकडं गोठ्यामागं ठरत होतं. मी इथली खरी, पण मला तिथं तोंड नव्हतं. मी हात जोडून बसले, जोडलेले दिसू नयेत म्हणून पदराखाली.

ते परत आले. मकोखा आजोबा बसले, काठी आडवी ठेवली. "मुरुंगा, तुझं बोलणं अर्धं राहिलं. ते तुझं येणं आहे, ते खरं. ते वसूल कर. आत्ता बोल. ही इथं तुझ्यासमोर बसेल आणि सगळं ऐकेल. मध्ये उठायचं नाही, पाण्याला नाही, चुलीकडं नाही. तू म्हणशील संपलं, तेव्हा संपलं. मग तिच्या हातचं जेव. आणि जमिनीचं नाव इथं कुणी काढायचं नाही. कुंडूची बायको कुंडूच्या घरात."

"इथं? एवढ्याच लोकांत?" मुरुंगा म्हणाला.

"तुझा आवाज तरी कुठं जास्त लोकांना पुरणार आहे आता!" आत्याबाई म्हणाल्या. दोघं-तिघं हसले.

नेलिमा पुढं सरकून त्याच्यासमोर बसली. मुरुंगानं आधी जमिनीकडे बघून सुरुवात केली. कुंडू कसा जन्मला, कसा चालायला उशीर लावला, शाळेत गुरुजींच्या बकरीवर कसा बसला. रागानंच सांगत होता. मग राग जरा मागं पडला. म्हणाला, ज्वारी पिकली की आम्हाला पाखरं राखायला पाठवायचे. मचाणावर दोघं. मी खाली उतरून आंब्यांना गेलो आणि हा वर झोपला. परत येतो तर काय, अख्खं शेत पाखरांनी भरलेलं आणि बाप मचाणाखाली उभा. मी झुडपात लपलो. म्हटलं, आता हा मेला. पण बापानं त्याला उठवलंच नाही. स्वतःच फडकं घेऊन पाखरं हाकत राहिला, आवाज न करता. तो उठेपर्यंत.

"मग?" नेलिमा म्हणाली.

"मग काय. मी सापडलो. मला मार पडला."

सगळे हसले. नेलिमा हसली नाही. तिनं उतरवलेल्या डोक्यावरून एकदा हात फिरवला.

"हे त्यानं मला कधी सांगितलं नाही."

"त्याला कुठं माहीत होतं? झोपला होता ना तो."

"कुठलं शेत?" तिनं विचारलं.

मुरुंगानं बसल्या जागेवरून हात केला. तिथं आता ज्वारी नाही, ऊस आहे. ती त्या बाजूला बघत राहिली. मुरुंगा थांबला होता. मग त्यानं घसा खाकरला आणि पुढचं सांगू लागला.